सेल वीस रुपयांचा, घड्याळ कितीचं?

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो, सोबत मिनिटभराचा व्हिडिओ. मतितार्थ असा: मनगटी घड्याळाचा सेल वीस रुपयांना मिळतो आणि घड्याळजी त्याचे दीडशे-दोनशे उकळतो. भाजीच्या सुरीनं मागचं झाकण उचला, जुना सेल काढा, त्याच मापाचा कुठलाही सेल टाका, अंगठ्यानं झाकण दाबा. 'टक' वाजलं की काम फत्ते. घड्याळ वॉटरप्रूफ असेल तर ते तसंच राहतं. आणि बिघडून बिघडणार काय, फार तर एक सेल वाया जाईल. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

सेल बदलणं फार मोठी गोष्ट नाही, एवढं त्यातलं खरं आहे. काही घड्याळांचा सेल घरी बदलता येतो, आणि ती कोणती ते पुढे सांगतोच. पण व्हिडिओत दिसतं ते एक विशिष्ट घड्याळ, आणि मजकूर बोलतो सगळ्या घड्याळांबद्दल. घोळ तिथूनच सुरू होतो.

सुरीपासून सुरुवात करू. मागची झाकणं एका प्रकारची नसतात. काही दाबून बसवलेली, काहींना चार बारीक स्क्रू, काही बरणीसारखी आट्यांची. आट्यांच्या झाकणाला कडेनं खाचा असतात आणि ते किल्लीनं फिरवून उघडायचं असतं. तिथे सुरी खुपसून काहीही होत नाही, फक्त ओरखडे पडतात. काही घड्याळांना मागचं झाकणच नसतं. आधी काच काढून मशीन समोरून बाहेर घ्यावी लागते. दाबाच्या झाकणाला कडेला एक बारीक ओठ असतो, तो भिंगातून शोधावा लागतो, आणि तिथे बोथट, आखूड पात्याचं हत्यार लावतात. भाजीची सुरी धारदार, लांब आणि लवचिक. ती निसटली तर डाव्या हाताच्या तळव्यात जाते, आणि निसटली नाही तर झाकणाखालचा रबरी वॉशर कापते.

खरं नुकसान मात्र आत होतं. क्वार्ट्झ मशीनमध्ये सेलच्या शेजारीच एक छोटी कॉइल असते. तिच्यावर केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, चिप ते कंप मोजून सेकंदाला एक ठोका कॉइलकडे पाठवते, कॉइल क्षणभर चुंबक होते आणि काटा एक घर पुढे सरकतो. ही कॉइल बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये उघडीच असते. जगभर वापरली जाणारी मियोटा २०३५ ही मशीन घ्या: सेल उचकटताना टोक जरा घसरलं की कॉइलवर. एक वेढा तुटला की सगळं संपलं. ही तार कुणी डाग देऊन जोडत बसत नाही, आख्खी मशीन बदलतात. झाकण सुरीनं उघडलं आणि सेलही त्याच सुरीच्या टोकानं उचकटला, असं दाखवणारे व्हिडिओ पाहताना घड्याळजी कपाळाला हात लावतात तो यासाठी.

आता 'त्याच मापाचा कुठलाही सेल'. संपूर्ण मजकुरात मला सगळ्यात घातक वाटतं ते हे वाक्य, कारण ते ऐकायला अगदी शहाणपणाचं आहे. माप जुळलं, मग अडचण काय?

सेलवरचा आकडा वाचू. एसआर६२६एसडब्ल्यू. यातले शेवटचे २६ म्हणजे जाडी, २.६ मिलिमीटर. त्याआधीचा ६ हा व्यासाचा, प्रत्यक्षात ६.८ मिलिमीटर. याच सेलवर काही कंपन्या ३७७ छापतात. बाजारात अगदी याच मापाचा एलआर६२६ मिळतो, त्यालाच एजी४ म्हणतात. दहाची पट्टी जवळपास एका चांगल्या एसआरच्या किमतीत येते, मजकुरातले वीस रुपये बहुधा इथलेच. फरक पहिल्या अक्षरात आहे. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड: १.५५ व्होल्ट, आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेवढेच. एलआर म्हणजे अल्कलाइन: १.५ व्होल्टनं सुरू होतो आणि वापराबरोबर उतरत जातो. साठाही कमी. एसआर६२६मध्ये साधारण २८ मिलीअँपिअर-तास असतात, साधी मशीन एक-सव्वा मायक्रोअँपिअर ओढते. हिशेब केला तर अडीच-तीन वर्षं निघतात. एलआर त्याच्या निम्म्यावरच दम तोडतो.

लवकर संपला एवढ्यावर भागलं असतं तर मी हा मुद्दा इतका ताणला नसता. संपलेला अल्कलाइन सेल गळतो. खेळण्यात किंवा लेझर पेनात गळला तर पुसून टाकता येतं. घड्याळात तो क्षार सेलच्या पत्तीवर, सर्किटवर आणि कॉइलवर चढतो, आणि झाकण उघडल्यावर पांढरट-हिरवी बुरशी दिसते. सिल्व्हर ऑक्साइडही वर्षानुवर्षं मेलेला आत ठेवला तर गळू शकतो. म्हणून बंद पडलेलं घड्याळ 'बघू पुढे' म्हणून कपाटात टाकू नये. नवा सेल आज नाही टाकला तरी चालेल, जुना बाहेर निघाला पाहिजे.

याहून मोठा धोका उजेडावर चालणाऱ्या घड्याळांत आहे. कॅसिओच्या बऱ्याच सोलर घड्याळांत सीटीएल१६१६ नावाचा सेल असतो. सीआर१६१६ हा साधा लिथियम सेल मापानं हुबेहूब तसाच: १६ मिलिमीटर व्यास, १.६ मिलिमीटर जाडी. पण सीटीएल चार्ज होतो, सीआर होत नाही. सोलर घड्याळ आत बसलेल्या सेलला चार्ज करत राहणार, त्याला आत कोण आलंय हे कळत नाही. चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलला असं चार्ज केलं तर तो फुगतो, गळतो, फुटूही शकतो, आणि घड्याळ मनगटावर असतं. सिटिझनची उजेडावर चालणारी इको-ड्राइव्ह आणि सायकोची हाताच्या हालचालीवर चार्ज होणारी कायनेटिक घड्याळं यांचंही तसंच: त्यांना त्यांचाच सेल लागतो. तबकडीवर सोलर, इको-ड्राइव्ह, कायनेटिक असं काही लिहिलेलं असेल तर 'माप जुळतंय' हे कारण पुरेसं नाही. स्मार्टवॉचबद्दल तर बोलायलाच नको, त्याला हातच लावू नका.

मग येतो तो 'टक'.

उघडणं जमलं, बंद करणं जमलं नाही, अशी घड्याळं पिशवीतून घड्याळजीकडे येतात. मशीन एकीकडे, झाकण एकीकडे, वॉशर हरवलेला. दाबाच्या झाकणाला आतून बहुतेक वेळा एक छोटी खाच असते, ती चावीच्या दांडीसमोरच यावी लागते. झाकण जरा फिरलेलं असलं की ते एका बाजूनं बसतं आणि दुसरीकडे उचललेलं राहतं. अंगठ्यानं जात नाही म्हणून माणूस घड्याळ टेबलावर काच खाली करून ठेवतो आणि तळव्यानं वजन टाकतो. काच तिथेच तडकते. दुकानातल्या प्रेसला वेगवेगळ्या मापांचे पोकळ डाय असतात. ते केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीच्या, कडेवर टेकतात, काचेवर नाही, आणि दाब सगळीकडून सारखा पडतो. तुमच्या अंगठ्याचा दाब एका जागी पडतो आणि वॉशर तिथे चिमटतो. 'टक' तरीही वाजतो. त्यातून झाकण अडकलं एवढंच कळतं, सगळीकडून बसलं की नाही ते कळत नाही.

आणि म्हणूनच 'वॉटरप्रूफ तसंच राहतं' हा दावा टिकत नाही. मुळात घड्याळावर लिहिलेलं असतं ते वॉटर रेझिस्टंट, आणि ३० मीटर म्हणजे तेवढ्या खोलीच्या स्थिर पाण्याएवढा दाब प्रयोगशाळेत सोसला, इतकंच. ते घालून ३० मीटर बुडी मारायची नसते. हा गुण घड्याळाला कायमचा चिकटलेला नाही. तो झाकणाच्या वॉशरवर, चावीच्या वॉशरवर आणि काचेच्या बसणीवर अवलंबून आहे. वॉशर वर्षानुवर्षं दबून चपटा आणि कडक होतो. झाकण उघडलं की तो बदलायचा किंवा निदान सिलिकॉनचं ग्रीस लावून नीट बसवायचा. नंतर घड्याळ दाबाच्या यंत्रात ठेवून केस हवा धरते की नाही ते पाहायचं. यातलं काहीही अंगठ्यानं होत नाही. परिणाम लगेच दिसतही नाही. दोन महिन्यांनी, ऐन जुलैत, एसीतून बाहेर पडल्यावर काचेच्या आतून धुकं येतं, आणि लोक सेल बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

इथे घड्याळजींची बाजू घेऊन खोटं बोलायचं नाही. स्टेशनाबाहेरच्या टपरीवरही दाबाचं यंत्र नसतं. रोजच्या साध्या घड्याळाला ते नसलं तरी चालतं. पण घड्याळ घालून पोहायचं असेल, तर सेल बदलायला ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच द्यावं आणि दाबाची चाचणी करून मागावी. टपरी नको आणि सुरी तर नकोच.

मजकुरात न बोलता गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट: घड्याळ थांबलं म्हणजे सेल गेला. बऱ्याच घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, ती खूण सरळ आहे. पण आतलं तेल वाळलं असेल तर मशीन जास्त करंट ओढते आणि नवा सेल चार महिन्यांत झोपतो. घड्याळजी मीटर लावून ते पाहू शकतो. घरी आपण दुसरा सेल टाकतो, मग तिसरा.

आता ते घरी जमणारं घड्याळ. साधं डिजिटल, मागे चार स्क्रू. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. त्यात सीआर२०१६ बसतो आणि कंपनीच्या हिशेबानं सात वर्षं चालतो. स्क्रूच्या डोक्याला नेमका बसणारा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या, खाली पांढरं कापड पसरा. बझरला करंट देणारी एक सूक्ष्म स्प्रिंग असते, ती उडाली तर घड्याळ चालेल पण गजर मुका होईल. सेलला प्लास्टिकच्या चिमट्यानं धरा. धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना टेकला की सेल शॉर्ट होतो. सेल बसवल्यावर मशीनवर 'एसी' लिहिलेला एक छोटा बिंदू शोधा आणि धातूच्या चिमट्यानं तो बिंदू व सेलची वरची अधिक बाजू दोन सेकंद जोडा. हे केलं नाही तर अनेकदा पडदा कोरा राहतो किंवा भलतेच आकडे दाखवतो. मग लोक म्हणतात, नवा सेलच खराब. घरगुती व्हिडिओंत ही पायरी बहुतेक वेळा गाळलेली असते.

पण जे घड्याळ घरी उघडायला सगळ्यात सोपं, त्यातलाच सेल घरातल्या लहान मुलाला सगळ्यात घातक. 'फार तर एक सेल वाया जाईल' या वाक्याचा राग येतो तो इथे. सीआर२०१६ किंवा सीआर२०३२ यांचा व्यास २० मिलिमीटर असतो, आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. मग ओल्या अस्तरातून करंट वाहतो, सेलच्या उणे बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. सेल फुटावा-गळावा लागत नाही. घड्याळ चालवायला अपुरा ठरलेला, आपण 'मेला' म्हणून टेबलावर टाकलेला सेलही हे करू शकतो. अमेरिकेत टेक्सासमधली दीड वर्षांची एक मुलगी रिमोटमधला असा सेल गिळल्यानं २०२० साली दगावली. तिच्या नावानं 'रीसचा कायदा' तिथे २०२२ मध्ये झाला, त्यानं अशा सेलचे कप्पे आणि वेष्टनं मुलांना न उघडणारी असावीत असं बंधन आलं. घड्याळाचे छोटे सेल गिळले जातात तसेच नाकात, कानातही जातात. तिथेही ते भाजतात, म्हणून कानात थेंब घालत बसू नये.

मूल अचानक लाळ गाळतंय, खात नाही, खोकतंय, आणि घरात सेल सापडत नाहीये, तर वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा आणि 'सेल गिळला असावा' असं स्पष्ट सांगा. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखा दिसतो. कडेला दुहेरी वलय दिसलं तर तो सेल. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि लिथियमचा सेल गेल्याला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधानं भाजण्याचा वेग कमी होतो, सेल निघत नाही. मध घरात नसेल तर आणायला थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध नाही म्हणजे नाही.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२च्या नियमांत हे छोटे सेलही येतात.

राहता राहिली लूट. दीडशे रुपयांत सेल आहे, पण योग्य झाकण-हत्यार, डाय, मीटर आणि काच तडकली तर ती भरून द्यायची जबाबदारीही आहे. काही दुकानदार चांगल्या सेलचे पैसे घेऊन आत एजी४ घालतात, हेही खरं. त्यावर उपाय सोपा आहे: सेल तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा आणि पहिली दोन अक्षरं वाचा. एसआर असेल तर ठीक. आणि झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूवर तारीख टाकायला सांगा. जुने घड्याळजी ती न सांगताच टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी सेल किती महिने चालला ते झाकण उघडल्या उघडल्या कळतं.