बाबांचा ‘हलका’ नाश्ता

मागच्या वर्षी बाबांना डायबेटिस निघाला आणि आठवड्याभरात घरातून पोहे-उपमा हद्दपार झाले. का, तर तेल! त्यांच्या जागी कॉर्नफ्लेक्सचा डबा आला. हॉस्पिटलातून मिळालेल्या डाएट चार्टच्या झेरॉक्सवरही ‘दूध-कॉर्नफ्लेक्स’ होतंच. "हलकं असतं गं," आई म्हणाली. बाबांनी वर्षभर ते साखर न घालता निमूट खाल्लं. (बाबा आणि निमूट, हे दोन शब्द मी पहिल्यांदाच एकत्र लिहितेय.)

गणपतीत चार दिवस गिरगावला माहेरी होते. रक्तातली साखर मोजायचं मशीन, ग्लुकोमीटर, घरात आहे, पण बाबा तो फक्त उठल्याउठल्या लावतात. उपाशीपोटी ११८. खूश! म्हटलं, आज नाश्ता झाल्यावर दीड तासाने परत बघू.

२४८.

"मशीन बिघडलंय," बाबा. दुसरं बोट टोचलं. २४४.

साखर घातलीच नव्हती, मग आली कुठून? मुख्यतः मक्यातूनच. मका शिजवतात, रुळांखाली चपटा करतात, मग कडक भाजतात. स्टार्च फोडायचं निम्मं काम कारखान्यातच उरकलेलं असतं, पोटाला करण्यासारखं फारसं उरत नाही. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झटकन वाढवतो त्याचं माप. ग्लुकोज १०० धरलं तर कॉर्नफ्लेक्सचा इंडेक्स ८०च्या आसपास येतो. वर दुधातली साखर वेगळी. त्यात सकाळची वेळ. पहाटे कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स चढलेली असतात, इन्सुलिनचा तेव्हा नीट प्रभाव पडत नाही. म्हणजे सगळ्यात नाजूक वेळेला आपण सगळ्यात झटकन साखर होणारा पदार्थ खातो, आणि त्याला हलकं म्हणतो!

डबा उलटून वाचला. घटकांत मक्यानंतर दुसरं नाव साखरेचं. जे घटक जास्त ते आधी लिहायचे असा नियमच आहे. पोषणाचे आकडे ३० ग्रॅमचे. बाबांचा बाऊल काट्यावर ठेवला, नुसते फ्लेक्स ६५ ग्रॅम भरले.

ओट्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. जाड ओट्सचा इंडेक्स ५५च्या जवळपास असतो, पण दोन मिनिटांत होणारे इन्स्टंट ओट्स जवळजवळ कॉर्नफ्लेक्सच्याच पंगतीला. म्युसलीत तर बऱ्याचदा मध आणि मनुका असतात. आणि हो, पोहेही काही साव नाहीत, तेही चपटा केलेला भातच. पण त्यात शेंगदाणे, मटार, वर मोड आलेली मटकी असं काहीतरी घालता येतं. दुधातल्या फ्लेक्सवर मटकी कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी आईने भाजणीचं एकच थालीपीठ लावलं, सोबत दही. दीड तासाने १७१. हा आमच्या एका घरातला आकडा, संशोधन नव्हे. तुमचं बोट तुम्हीच टोचून बघा. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर मात्र नाश्ता परस्पर बदलू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. आम्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवले, मगच कायमचा बदल केला.

डबा अजून अर्धा भरलेला आहे. आई म्हणाली, टाकवत नाही, चिवडा करते. बाबांनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, "चिवड्याचा इंडेक्स किती गं?"