राखणदारच घोरतोय

लॅपटॉपच्या चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घातली, चार्जर लावला, झाकण मिटलं. सकाळी बघतो तर १०० टक्के! का? तर मर्यादा पाळणारं सॉफ्टवेअरही लॅपटॉपसोबत गाढ झोपलेलं. चार्जिंग मात्र बिनबोभाट चालू. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि वर गरम राहिली की लवकर म्हातारी होते, हे लॅपटॉप बनवणाऱ्यांना मी सांगायचं?

बरं, चार्जर काढून ठेवावा तर उलटीच तऱ्हा. पूर्वीच्या ‘एस३’ नावाच्या झोपेत (स्लीप मोडमध्ये) जेमतेम रॅमपुरती, म्हणजे चालू काम लक्षात ठेवणाऱ्या मेमरीपुरती वीज लागायची. आताची झोप म्हणे ‘कनेक्टेड’! पठ्ठ्या बॅगेत बसून नेटवर्कशी गप्पा मारतो, तापतो, आणि ऐन मीटिंगला ४ टक्के दाखवतो. अरे, चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपलाच सांगून ठेवा ना ती मर्यादा, ती कुठे झोपते?