‘थांबा, अजून दुखतंय’

परवा लेकाच्या पायाच्या अंगठ्याचं नख काढलं. नख कडेनं मांसात रुतलं होतं, बाजूची कातडी सुजून लालबुंद झाली होती, झोपेत चादर लागली तरी ओरडून उठायचा. दवाखान्यातच करण्यासारखं काम, जेमतेम अर्ध्या तासाचं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं जुनं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या मांडीवर मोठं गळू झालं होतं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "किरकोळ आहे, आत्ताच फोडून टाकू." बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि सुई बाहेर येते न येते तोच ब्लेड लावलं. मी किंचाळले. सिस्टरनं माझे खांदे दाबून धरले. डॉक्टर म्हणाले, "भूल दिलीय, एवढं दुखायचं काही कारणच नाही." मग चिमटा आत घालून पू काढला, गॉजची वात भरली, पट्टी बांधली. सगळं मिळून दहा मिनिटं. घरी येऊन मी रडले ते जखमेपेक्षा त्या वाक्यानं. कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की माझीच सहनशक्ती कमी.

तसं नव्हतं. हे पुढे वाचून, चार डॉक्टरांना विचारून कळलं. त्वचा बधिर करायला सहसा लिग्नोकेन वापरतात. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन या रसायनशास्त्रज्ञानं ते शोधलं आणि १९४८ पासून ते बाजारात आहे, म्हणजे हे काही नवखं औषध नाही. साध्या त्वचेतही ते पुरतं चढायला काही मिनिटं लागतात. गळवात तर प्रकरण आणखी अवघड असतं. पिकलेली, सुजलेली जागा आम्लयुक्त झालेली असते आणि तिथे हे औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरतच नाही. म्हणून गळवाच्या मध्यात सुई खुपसून भागत नाही, भोवतीच्या चांगल्या त्वचेत गोलाकार इंजेक्शनं द्यावी लागतात, थांबावं लागतं, आणि एवढं करूनही आतून थोडं दुखेल हे पेशंटला आधी सांगावं लागतं. माझ्या वेळी यातलं काहीच झालं नाही. म्हणजे दुखायला कारण होतं, चांगलं ठणठणीत कारण होतं.

आता लेकाचं. इथे डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधी त्याला आडवं झोपवलं. बसून सुई टोचून घेताना पुष्कळांना घेरी येते, झोपलेल्याला पडायची भीती नाही, असं म्हणाल्या. (तुम्हाला रक्त बघून किंवा सुईनं चक्कर येत असेल तर आधीच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तो शरीराचा धर्म आहे.) मग सांगितलं, "हे औषध आत जाताना चुरचुरणार. आपण सावकाश देऊ." अंगठ्याच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी, अगदी बारीक सुईनं त्या औषध सोडत होत्या, इतकं हळू की मला सिरिंजचा दट्ट्या हललेला दिसेना. तो कळवळला, माझा हात घट्ट धरला. आणि मग त्या चक्क थांबल्या. बाहेर जाऊन दुसरा पेशंट बघून आल्या. आल्यावर चिमट्याच्या टोकानं अंगठ्याला टोचून विचारलं, "टोचतंय, की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?" तो म्हणाला, "आतल्या बाजूला टोचतंय." त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. थोडं औषध आणखी दिलं, पुन्हा पाच मिनिटं थांबल्या, पुन्हा विचारलं. "आता नुसतं दाबल्यासारखं." मग अंगठ्याच्या मुळाशी रबर आवळलं, रुतलेली कड उभी कापून ओढून काढली, मुळाशी फिनॉल लावलं म्हणजे तेवढी कड परत वाढू नये. लेक छताकडे बघत पडून होता. मीच नजर वळवली.

तो एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. टोचतंय की दाबल्यासारखं? हे औषध दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंवर आधी चालतं, दाब आणि ओढ मात्र बऱ्याचदा जाणवत राहते. हे माहीत नसलं की पेशंट ओढ जाणवली तरी घाबरतो, आणि माहीत असलं की खरं दुखणं कुठलं ते त्याला नेमकं सांगता येतं.

डॉक्टरांची बाजूही मला दिसते. बाहेर वीस जण बसलेले असतात. पण वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की इंजेक्शन देऊन पेशंटला पडून राहू द्या, मधे दुसऱ्याला तपासून या. त्या बाईंनी तेच केलं, एक मिनिट फुकट गेलं नाही. औषधाची चुरचुरही कमी करता येते. त्यात सोडियम बायकार्बोनेट मिसळलं, ते अंगाइतकं कोमट केलं, सावकाश दिलं, तर फरक पडतो. यातलं काहीही महाग किंवा अवघड नाही.

आणि बायकांचं तर बोलायलाच नको. तांबी बसवताना "थोडं चिमटल्यासारखं होईल" एवढ्यावर किती जणींची बोळवण झाली असेल! माझ्या मैत्रिणी टेबल घट्ट धरून घामाघूम झालेल्या आहेत. अमेरिकेतल्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं, २०२४ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं की तांबी बसवण्याआधी दुखण्याबद्दल प्रत्येकीशी बोला, आणि गर्भाशयाच्या मुखाशी लिग्नोकेन दिल्यानं दुखणं कमी होऊ शकतं. २०२४! इतकी वर्षं बायका जे सांगत होत्या ते कागदावर यायला एवढा उशीर लागला, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा, चामखीळ असो, चरबीची गाठ असो, टाके असोत, सुरुवातीलाच विचारा, "औषध चढायला किती वेळ थांबणार?" रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी भुलेचा त्रास झाला असेल तर तेही तेव्हाच सांगा. आणि ब्लेड लागल्यावर टोचलं तर मोठ्यानं म्हणा, "थांबा, अजून दुखतंय." लहान मुलांना "शूर आहेस ना तू" म्हणून गप्प करू नका. त्यांच्या वतीनं तुम्ही म्हणा.

निघताना डॉक्टर बाईंनी भूल उतरायच्या आधीच दुखण्याची गोळी द्यायला सांगितली, पाय उशीवर ठेवायला सांगितला. रात्री ठणकलं, नाही असं नाही, पण झोपला.

दोन दिवसांनी ड्रेसिंगला गेलो. नाव पुकारल्यावर मी उठायला लागले तर म्हणाला, "तू बस, मी जातो." एक पाय टेकवत आत गेला. मी बाहेर त्याची एक चप्पल हातात धरून बसून राहिले. माझ्या ड्रेसिंगच्या वेळी मी दवाखान्याच्या दारातून परत फिरले होते.