विभक्त कुटुंबाचं भाडं

विमान कंपन्यांना एकत्र कुटुंबाचं वावडं असतं, हे माझं मत आता कायमचं झालं आहे. निमित्त भाचीच्या लग्नाचं. भाची हिंजवडीत नोकरीला, तिथेच तिला एर्नाकुलमचा मुलगा भेटला, आणि आमच्या ताईनं "सगळ्यांनी कोचीला यायचंय हं" असं फोनवर इतक्या सहज सांगितलं, जणू कोथरूडहून सदाशिव पेठेत जायचंय. आम्ही पाच जण: मी, बायको, आई, सहावीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. 'मी बघतो तिकिटांचं' असं मी म्हणालो, आणि नंतरचे कित्येक दिवस खरोखर फक्त बघतच होतो.

पाच प्रवासी टाकले की पुणे-कोची माणशी 6,840 रुपये. एकदा उगाच चाळा म्हणून एकच प्रवासी टाकला, तर 5,210. तेच विमान, तीच वेळ. दोन टाकले, 5,210. तीन टाकले, 5,210. चार टाकले की पुन्हा 6,840.

बायकोचं निदान तयार होतं. "तू सारखं सारखं बघतोस ना, त्यांना कळतं. गरजू दिसलास की भाव वाढवतात." तेव्हापासून घरात कोचीचं नाव मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून घेतलं जाऊ लागलं. खरा प्रकार वेगळा असतो. विमानातल्या जागा एका भावाच्या नसतात; त्यांचे खाने केलेले असतात. प्रत्येक खान्याला इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचं भाडं निराळं. तुम्ही एका दमात पाच जागा मागितल्या, की यंत्र पाचही जण मावतील असा खाना शोधतं. स्वस्त खान्यात तीनच जागा उरल्या असतील, तर तीन स्वस्त आणि दोन महाग, असं ते करत नाही. पाचही जणांना उचलून वरच्या खान्यात बसवतं. म्हणजे दोघांच्या पापाची शिक्षा सगळ्या घराला. हे यंत्र आमच्या आजोबांनी बनवलेलं असावं.

दरम्यान कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तज्ज्ञ मंडळी जागी झाली होती. न्यू जर्सीच्या आतेभावानं तिकडच्या मध्यरात्री फर्मान काढलं: "कायम रिटर्न घ्यायचं. वन-वे म्हणजे लूट." खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "रिटर्न? छे! वन-वेच. वेगवेगळ्या कंपन्यांची." दोघेही इतक्या खात्रीनं बोलत होते, की एक जण नक्की खोटं बोलतोय असं वाटावं. पण दोघंही आपापल्या वाटेपुरते खरे होते.

अमेरिकेला जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांत नुसतं जाण्याचं तिकीट कधीकधी जाऊन-येऊन तिकिटाच्या जवळपास पोचतं, क्वचित त्याच्याही वर जातं. त्याची मुळं जुनी आहेत. 1978 साली अमेरिकेत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि पुढे तिथल्या कंपन्यांनी प्रवाशाची पारख करायला सुरुवात केली: आधीपासून ठरवून जाऊन-येऊन तिकीट काढतो आणि शनिवारची रात्र तिकडेच घालवतो तो हौशी, त्याला स्वस्त द्या. ऐनवेळी एकेरी मागतो किंवा शनिवारच्या आत घरी परततो तो कंपनीच्या पैशानं फिरणारा, त्याला कापा. आतेभाऊ हेच गणित कोचीला लावत होता. आपल्याकडे देशातल्या देशात बहुतेक वेळा जाण्याचं अधिक येण्याचं म्हणजे रिटर्न, एवढा सरळ हिशोब. जोडीनं घेतलं म्हणून सहसा कुणी दमडीची सूट देत नाही. उलट एकाच तिकिटावर दोन्ही बाजू असल्या आणि जाताना विमान चुकलं, की बरेचदा परतीची बाजूही आपोआप बाद होते.

म्हणून काकांचं ऐकलं. जायचं एका कंपनीनं, यायचं दुसरीनं. रविवारी संध्याकाळी सगळ्या भारताला घरी परतायचं असतं, त्यामुळे सोमवारी सकाळचं विमान स्वस्त. मुलांची शाळा बुडणार याचं दुःख मुलांनी धैर्यानं पचवलं. मुंबईहून आणखी स्वस्त होतं. पण पुणे-मुंबई टॅक्सी, टोल आणि बोरघाटातली कोंडी यांची बेरीज बायकोनं तोंडी करून दाखवली आणि विषय संपला.

आता उरलं खरं काम: कागदोपत्री घर फोडणं. तीन स्वस्त, दोन महाग. बारा वर्षांखालच्या पोरांचं एकट्याचं तिकीट वेबसाइटवर सहसा काढता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस हवं. बायको आणि मुलगी एका पीएनआरवर (म्हणजे एका बुकिंगवर), मी आणि मुलगा दुसऱ्या. आईला ज्येष्ठ नागरिकांची सवलत मिळत होती, पण ती घ्यायची तर तिचं तिकीट वेगळं काढणं भाग होतं. महागाच्या खान्यात मी आणि मुलगा गेलो. "तुम्ही दोघं महागात पडता" हे वाक्य बायकोनं त्यानंतर तिकिटांशी काहीही संबंध नसलेल्या प्रसंगी वापरलेलं आहे.

आईला सांगायची जबाबदारी अर्थात माझी.

"म्हणजे मला एकटीला टाकलंत?"

"अगं, विमान एकच आहे. फक्त तिकीट वेगळं."

"असंच सुरू होतं. आधी तिकीट वेगळं, मग चूल."

त्यातून तिला ज्येष्ठ म्हणवून घेणंच मंजूर नव्हतं. आधारवर तिची जन्मतारीख 1 जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाला लावलेली. तिच्या मते ती त्याहून दीड वर्षानं लहान. "मास्तरांमुळे साठी उलटली माझी," असं म्हणून तिनं सवलत किती ते विचारलं. मूळ भाड्यावर थोडी, कर आणि विमानतळाचे आकार तसेच, असं सांगितल्यावर तिनं मान हलवली. "एवढ्यासाठी म्हातारी व्हायचं? एसटीत 2023 पासून बाईमाणसाला निम्मं तिकीट आहे. वय विचारत नाहीत."

शेवटी जाण्याच्या बाजूला पाच हजारांच्या आसपास वाचले. तीन पीएनआर, तीन ओटीपी, तीन वेळा वेब चेक-इन, आणि तिन्ही वेळा यंत्राचा आर्जवी प्रश्न: खिडकी घेता का, पैसे पडतील. मी बाणेदारपणे फुकटच्या जागा घेतल्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी एकाशेजारी तरी बसवा, असं विमान कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनं 2024 मध्ये कंपन्यांना बजावलंय, त्यामुळे दोन्ही जोड्या शाबूत राहिल्या. नवराबायकोबद्दल डीजीसीएचं काही म्हणणं नाही. बायको सहाव्या रांगेत, मी चोविसाव्या. दोघांचाही प्रवास छान झाला.

आईला मात्र पैसे न भरता खिडकी मिळाली.

लग्न लागायला पंधरा मिनिटं लागली. नादस्वरम चढला, ताली म्हणजे तिकडचं मंगळसूत्र बांधलं, हार घातले, संपलं. आम्ही अजून अक्षता कुठे मिळतात ते शोधत होतो. मग केळीच्या पानावर सद्या वाढला गेला. आईच्या शेजारी मुलाची आजी बसली होती. एकीला मराठी आणि मोडकं हिंदी, दुसरीला मल्याळम आणि मोजकं इंग्रजी. तरी पायसमपर्यंत दोघींचं बरंच बोलणं झालं होतं. मी पापडम मागायला वळलो तेव्हा आई पर्समधून आपला बोर्डिंग पास काढून तिला दाखवत होती.

"अकेली आयी मैं," ती सांगत होती. "पूना से. ये लोग दूसरे टिकट पे आये."