देखभालीला वाव असलेले यंत्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या गवतकापणी यंत्राचा टिकाऊपणा कशावरून ओळखावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी चाकांच्या हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनला (तेलाच्या दाबावर चाके फिरवणाऱ्या यंत्रणेला) नको इतके महत्त्व दिले आणि इंजिनाची अश्वशक्ती दोन ओळींत गुंडाळली, जाड पत्र्याच्या डेकची (पाती ज्याखाली फिरतात त्या कवचाची) भलामण करून साध्या घरमालकाला व्यावसायिक यंत्राच्या खर्चात लोटले, आणि आपले हलके घरगुती यंत्र आठ हंगाम विनातक्रार चालले असल्यामुळे टिकाऊपणा हा बांधणीचा नव्हे, तर निव्वळ देखभालीचा प्रश्न ठरतो. हेच यंत्र आता ठेवावे की विकावे, असेही आपण शेवटी विचारले आहे.

आठ हंगामांपासून सुरुवात करतो. या यंत्रांचे वय वर्षांत मोजले की हिशेब हमखास चुकतो. ते अवर मीटरवर, म्हणजे यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवर, मोजायला हवे. आपल्या मीटरवरचा आकडा आपण लिहिलेला नाही, परंतु आठवड्यातून एकदा तासभर कापणी आणि वर्षातले ३० आठवडे गवत वाढते असे धरले, तर आठ हंगामांत २४० तास होतात. आठवड्याला ४० तास कापणी करणारा व्यावसायिक तेवढे तास सहा आठवड्यांत पुरे करतो. म्हणून आपला अनुभव खरा असला, तरी त्यातून हलके यंत्र २४० तास नीट चालते एवढेच सिद्ध होते, आणि त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. वॉरंटीच्या कागदावरही पुष्कळदा वर्षे आणि तास असे दोन्ही आकडे असतात आणि जो आधी पुरा होईल तो लागू होतो. खरेदीच्या वेळी बहुतेक जण त्यातला वर्षांचाच आकडा वाचतात.

आता देखभालीचा मुद्दा. देखभालीवर यंत्र टिकते हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु देखभाल करायला यंत्रात जागा ठेवलेली असावी लागते, आणि माझ्या लेखाचा सगळा रोख त्यावरच होता. झीरो-टर्नच्या मागच्या दोन चाकांना प्रत्येकी स्वतंत्र पंप आणि मोटर असते. आपण लिव्हर पुढे ढकलता तेव्हा पंपातील चकती कलते, पिस्टन तेल दाबून मोटरकडे पाठवतात आणि चाक फिरते. अशा लिव्हरच्या यंत्राला स्टीअरिंग नसते, आणि पार्किंग ब्रेक यंत्र उभे असताना ते जागेवर रोखण्यापुरता असतो. चालवणे, वळवणे, वेग कमी करणे आणि थांबवणे ही सगळी कामे त्या दोन संचांतले तेलच करते. त्या तेलात झिजेची बारीक धातूची भुकटी मिसळत जाते, तेल तापून पातळ होते आणि पिस्टनच्या फटीतून दाब गळू लागतो. ज्या संचाला बाहेर फिल्टर आहे आणि तेल काढता येते, त्यात ही भुकटी वेळच्या वेळी बाहेर जाते. हायड्रो-गियरच्या झेडटी-२८०० आणि त्यावरच्या श्रेणींत असा फिल्टर असतो, आणि पहिल्या ७५ तासांनी व त्यानंतर साधारण दर ४०० तासांनी तेल आणि फिल्टर बदलावा, अशी सूचना असते. त्याच कंपनीच्या हलक्या ईझेडटी संचाला बाहेरून बदलण्याजोगा फिल्टर नाही, आणि तेल बदलायचे तर संच यंत्रातून उतरवण्याचा खटाटोप करावा लागतो. तो कोणी करत नाही. मग मालक कितीही काळजीवाहू असो, इंजिनाचे तेल वेळेवर बदलत असो, पाती धारदार ठेवत असो, या एका ठिकाणी त्याचा हात पोहोचतच नाही. आणि हाच भाग बदलणे फार महाग पडते. दोन्ही बाजूंचे संच बदलायची वेळ आली, तर जुन्या हलक्या यंत्रावर तेवढा खर्च करावा की नाही असा प्रश्न पडतो.

उतार असेल तर हे सगळे लवकर घडते, कारण चढावर दाब वाढतो आणि तेल जास्त तापते. वापरलेले यंत्र घेणाऱ्यांना म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असते की, थंड यंत्र अंगणात फिरवून पाहू नका. अर्धा तास प्रत्यक्ष गवत कापा आणि मग ते चढावर न्या. थंड असताना सरळ जाणारे यंत्र गरम झाल्यावर एका बाजूला ओढू लागले, किंवा चढावर एक चाक मागे पडू लागले, तर लिव्हरची जुळवणी करून ते सुधारत नाही. आतली झीज बोलते आहे असे समजावे. ही चाचणी घेताना यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली उताराची मर्यादा ओलांडू नये. ती अनेक यंत्रांना १५ अंश आणि काहींना त्याहूनही कमी असते.

अश्वशक्तीबद्दल मी थोडके लिहिले ते जाणूनबुजून. स्टिकरवरचा आकडा बहुधा ‘ग्रॉस’ असतो, म्हणजे इंजिन सुटे ठेवून ठरावीक परिस्थितीत मोजलेला. डेकपर्यंत पोहोचणारी शक्ती त्याहून कमी असते. अमेरिकेत गवतकापणी यंत्रांच्या इंजिनांची अश्वशक्ती फुगवून सांगितली जाते, असा आरोप करणारा सामूहिक दावा अनेक कंपन्यांवर झाला होता आणि २०१० मध्ये त्यात तडजोड झाली. टिकाऊपणाच्या दृष्टीने मी एअर फिल्टरचा डबा केवढा आहे, तेलाचा फिल्टर आहे की नाही, आणि इंजिनाची श्रेणी कोणती आहे हे आधी पाहतो. कावासाकीची एफआर श्रेणी घरगुती वापरासाठी आणि एफएक्स श्रेणी जड व्यावसायिक वापरासाठी असते. दोन्हींचा अश्वशक्तीचा आकडा जवळपास सारखा दिसला, तरी धूळ अडवण्याची व्यवस्था सारखी नसते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला धूळ आणि कूलिंग फिन्समध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांत) अडकलेले गवत या दोन गोष्टी जितक्या लवकर मारतात, तितकी कमी अश्वशक्ती मारत नाही.

डेकबाबत आपला एक मुद्दा अगदी रास्त आहे. एका पत्र्यातून दाबून काढलेल्या डेकला त्याच्या वळणांमुळे ताकद येते आणि त्यात वेल्डचे सांधे कमी असतात, त्यामुळे नुसत्या जाडीवरून निकाल देता येत नाही. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड : १२ गेज म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर, १० गेज म्हणजे ३.४ आणि ७ गेज म्हणजे ४.६ मिलिमीटर. दगड किंवा झाडाची मुळे असलेल्या जमिनीवर हा फरक जाणवतो, सपाट हिरवळीवर फारसा नाही. माझा भर मात्र स्पिंडल (पाते ज्यावर फिरते तो दांडा) जिथे बसतो त्या जागेवर होता आणि अजूनही आहे, कारण पात्याचा प्रत्येक हिसका तिथेच जातो आणि भेगाही तिथूनच सुरू होतात. इंजिन बंद करून, किल्ली काढून, स्पार्क प्लगच्या वायरी सोडवून, हातमोजे घालून डेकखाली हात घाला आणि स्पिंडलच्या बोल्टांभोवती चाचपून पाहा. तिथे जादा जाड पट्टी वेल्ड केलेली आहे की उघडा पत्राच आहे, ते बोटांना लगेच कळते. मग पाती फिरवणारा पट्टा उतरवून पाते दोन्ही टोकांना धरा आणि वरखाली हलवा. किंचितही प्ले (ढिलेपणा) जाणवला, किंवा फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर हाताला लागली, तर बेअरिंग गेले. स्पिंडलला ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असेल तर ही वेळ पुष्कळ पुढे ढकलता येते. सीलबंद बेअरिंग असेल तर ते बदलणे एवढाच मार्ग उरतो.

याच संदर्भात आपली एक सवय मला खटकली. प्रत्येक कापणीनंतर डेकला पाण्याची नळी जोडून तो धुता, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. ती सोय उत्पादकानेच दिलेली असते हे खरे, तरीही पाणी बेअरिंगच्या सीलपर्यंत जाते आणि वरच्या बाजूला, पट्ट्याच्या झाकणाखाली, ओला चोथा साचून पत्रा गंजतो. खालचे गवत पत्र्याच्या पट्टीने खरवडावे आणि वरचे कोरडे असतानाच हवेने उडवावे, हे मी कोणालाही सांगेन.

व्यावसायिक यंत्र सर्वांनी घ्यावे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. सपाट जागा आणि वर्षाला ३०-४० तास काम असेल, तर सीलबंद ट्रान्समिशन संचाचे यंत्र घेण्यात काहीच गैर नाही. उलट, जड यंत्राने ओल्या मऊ जमिनीवर चाकांच्या चाकोऱ्या पडतात. परंतु उतार असेल, चालवणाऱ्याचे वजन जास्त असेल, किंवा काम वर्षाला शंभर तासांच्या पुढे जात असेल, तर जादा खर्च मोठ्या इंजिनावर न करता तेल बदलता येणाऱ्या ट्रान्समिशनवर करावा, या मतावर मी ठाम आहे.

आपल्या यंत्राबद्दल विचाराल, तर निर्णयापूर्वी यंत्र बंद व थंड असताना सीटखाली वाकून दोन्ही ट्रान्समिशनच्या डोक्यावरचे लहान प्लास्टिकचे पंखे पाहा. त्यांची पाती सहज तुटतात, आणि पंखा मोडलेला संच तापत राहून दुसऱ्या संचाच्या आधी झिजतो. पंखे शाबूत असतील, त्यांच्याभोवती गवताचा थर नसेल आणि अर्ध्या तासाच्या कापणीनंतर चढावर दोन्ही चाके सारखी ओढत असतील, तर यंत्र ठेवा. एकच पंखा तुटलेला आढळला, तर तो स्वस्तातला भाग आधी बदला आणि पुन्हा गरम चाचणी घ्या. त्यानंतरही तीच बाजू मागे पडत असेल, तर संच बदलण्याचा खर्च विचारून घ्या, आणि तो यंत्राच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तरच विकण्याचा विचार करा.