‘सर्कस’ म्हणणाऱ्या वाचकास: इतोमानच्या शर्यतीतली उलटी होडी

जपानमधल्या इतोमानच्या हारेवरच्या, म्हणजे होड्यांच्या शर्यतींवरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘होडी मुद्दाम उलटवायची आणि पुन्हा सरळ करायची, ही पर्यटकांसाठीची सर्कस आहे. तुम्ही ती परंपरा म्हणून विकताय.’ मत आपलं आपल्यापाशी, पण ‘विकताय’ म्हणजे काय? ओकिनावातल्या कोळ्यांच्या होड्यांबद्दल मराठीत लिहून मी कुणाला काय विकणार? लेख पटला नाही म्हणा, मुद्दा खोडून काढा, मी ऐकून घेईन. हेतूवर बोट ठेवायचं तर निदान लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

एक मान्य करतो. त्याच दिवशी बंदरात बदकं सोडून ती पोहत पकडायची चढाओढ असते, ती निव्वळ गंमत आहे. तिला सर्कस म्हणा, मी भांडणार नाही. कुन्नुकासे, म्हणजे आपण नावं ठेवलेली होडी उलटवायची शर्यत, त्या रांगेत बसत नाही.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इतोमान हे ओकिनावा बेटाच्या दक्षिण भागातलं बंदराचं शहर. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी तिथल्या तीन जुन्या वस्त्या, म्हणजे पश्चिमेची वाडी, मधली वाडी आणि नवी वाडी, एकमेकींविरुद्ध होड्या काढतात. सकाळची शर्यत ८५० मीटरची, देवासाठी. ती झाली की हाकुगिंदो या देवस्थानी जाऊन गाणं म्हणतात. शेवटची सर्वांत लांब, २,१५० मीटरची. कुन्नुकासेमध्ये वाटेतच होडी पूर्ण पालथी करायची, सुलटी करायची, पाणी काढायचं आणि तशीच पुढे वल्हवत न्यायची.

आता ती होडी कसली ते बघा. तिला सबानी म्हणतात; लांब, अरुंद. तळाला कणा नाही आणि आपल्या कोकणातल्या छोट्या होडीला असते तशी उलांडीही नाही. एक माणूस अंग टाकून बसला तरी डुचमळते. १७३७ साली ओकिनावातल्या तेव्हाच्या र्‍युक्यू राज्याने अख्ख्या ओंडक्यातून होड्या कोरण्यावर बंदी आणली, कारण झाडं संपत चालली होती. पुढे जाड फळ्या जोडून सबानी होऊ लागली. लाकूड सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाचं, बरंचसं जपानच्या मियाझाकी भागातून येणारं. सांध्यात बांबूचे खिळे आणि डमरूच्या आकाराच्या लाकडी पाचरी, लोखंडी खिळा नाही. अशी जाड लाकडाची होडी काठोकाठ भरली तरी तळाला जात नाही, आणि सगळा खेळ त्यावरच उभा आहे.

पालथी करणं सोपं वाटतं ना? सगळ्यांनी एका क्षणी एकाच काठावर वजन टाकावं लागतं. दोघं कचरले की होडी आडवी होऊन तशीच राहते आणि पाणी मात्र पोटभर घेते. पूर्ण पालथी झाली तर आत हवा कोंडते; मग एक काठ झटक्यात उचलला की कमी पाणी घेऊन ती सुलटी होते. हळू उचलली, किंवा एका टोकाने आधी जोर लावला, की खालचा काठ सुपासारखा पाणी भरत वर येतो. आत अर्धा घनमीटर पाणी राहिलं तरी ते अर्धा टन वजन झालं, आणि ते एका जागी राहत नाही. होडी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला धावतं.

म्हणून लगेच कुणी चढत नाही. दोन्ही काठांना धरून होडी डोलवतात, म्हणजे पाणी काठावरून बाहेर सांडतं. डोलवणं जास्त झालं की सांडलेलं पुन्हा आत. मग एकाने चढायचं, बाकीच्यांनी दोन्हीकडून धरून ठेवायचं, आणि त्याने युतुईने, म्हणजे लाकडी उपसणीने, पाणी काढायला लागायचं. पुढचे समोरासमोरून जोडीने चढतात. एकाच बाजूने दोघं चढले की पुन्हा पालथी. या सगळ्यात हातातलं एएकू, म्हणजे आखूड वल्हं, सुटलं तर तो माणूस उरलेल्या अंतरात नुसतं वजन.

हे कौशल्य शर्यतीसाठी शोधलेलं नाही. इतोमानचे कोळी याच होड्यांतून आग्या, म्हणजे माणसांनी पाण्यात उतरून मासे जाळ्याकडे हाकायची मासेमारी, करत दूरदूर जात. सिंगापूर, फिलिपिन्सपर्यंत गेले. भर समुद्रात होडी उलटली तर ती सुलटी करणारे तेच. वारा फारच चढला तर मुद्दाम पालथी करून तिला धरून राहायचं, ही त्यांची रीत सांगतात. कोकणातल्या बंदरांवर होडीबांधणी बघत आणि तांडेलांना विचारत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे कामाचं कसब आणि प्रेक्षकांसाठीची कसरत यांतला फरक मला कळतो. तुम्ही दोन ओळींत तो निकालात काढलात.

आणि पर्यटकांसाठीच करायचं असतं तर तारीख रविवारची धरली असती. आजूबाजूच्या बऱ्याच गावांनी तसं केलं. इतोमान अजून चांद्र तिथीच पाळतं, मग कामाचा वार का असेना.

आपल्या बाकीच्या तक्रारी: नाहावर लिहिलं नाही, मूळ चीनचं, लेख लांब. ओकिनावाची राजधानी नाहा, तिथली हारी (हारेचंच तिथलं नाव) मोठी आहे, खरं आहे: साडेचौदा मीटरच्या होड्या, एकेकीत ४२ माणसं, १९७५ पासून पुन्हा सुरू. तिच्यावर लेख नव्हता म्हणून हा लेख चुकीचा ठरत नाही. होड्यांच्या शर्यतीचं मूळ चीनमध्ये, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. लेख लांब वाटला, त्याला माझा इलाज नाही.

कुन्नुकासेची चित्रफीत पुन्हा लावा. कोण जिंकतं ते सोडून द्या. होडी सुलटी झाल्यावर पहिला माणूस कोण चढतो, आणि तो चढत असताना पलीकडच्या काठाला किती हात आहेत, तेवढं बघा. मग लिहा.