आरओचं पाणी, पीएच आणि हाडांची भीती

इंदुरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: आरओच्या पाण्याचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या खाली, म्हणजे ते आम्लधर्मी. रोज प्यायलं की रक्त आम्ल होतं आणि ते सावरायला शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. उपाय एकच, पीएच ९ चं अल्कलाईन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, पाणी. त्याने अ‍ॅसिडिटी जाते, कॅन्सरही टिकत नाही, आणि जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांना त्याच शोधासाठी नोबेल मिळालं. सोबत व्हिडिओ: दोन ग्लास, दोन्हींत दर्शकाचे (आम्लपणानुसार रंग बदलणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब; आरओचा ग्लास पिवळा आणि अल्कलाईनचा निळा. मी अकरावीच्या मुलांना आयनिक समतोल शिकवतो. काकू-मावश्या मला अल्कलाईन पाण्याचं मशीन घेऊ का म्हणून विचारतात, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

‘आरओचं पाणी आम्लधर्मी असतं.’

बहुतेक वेळा असतं. मेसेजमध्ये खरं निघालेलं हे एकच विधान, आणि त्यामागचं कारण मजेदार आहे. आपल्या बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपून येतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट भरपूर असतं. गीझरच्या रॉडवर पांढरी खपली धरते ती त्याचीच. शिवाय विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही असतो. हा वायू, बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन (पाण्याला आम्लपणा देणारे भारित कण) यांचा पाण्यात समतोल असतो. आता आरओचा पडदा आयन अडवतो, पण वायूला अडवत नाही. बायकार्बोनेट मागे राहतं, कार्बन डायऑक्साइड पार होतो. समतोलातला एक घटक असा काढून घेतला की तो भरून काढायला वायूचा थोडा भाग पाण्याशी संयोग पावतो, नवे हायड्रोजन आयन सुटतात आणि पीएच ६ च्या आसपास उतरतो. यात मशीनचा दोष काही नाही. अगदी शुद्ध पाणी नुसतं उघड्यावर ठेवलं तरी हवेतल्या वायूमुळे त्याचा पीएच ५.६ पर्यंत येतो. स्वच्छ हवेतल्या पावसाचंही तेच.

‘म्हणून ते प्यायलं की रक्त आम्ल होतं.’

सगळा घोटाळा इथे आहे. या घडीला किती हायड्रोजन आयन मोकळे आहेत, एवढंच पीएच सांगतो. एकूण आम्ल किती, हे तो सांगत नाही. ५.६ पीएचच्या एक लिटर पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन सुमारे अडीच मायक्रोमोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). हवेशी समतोल साधलेल्या त्या पाण्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड हिशोबात धरला तरी आकडा १७ मायक्रोमोलच्या आसपास राहतो. आता लिंबू घ्या. रसात सायट्रिक आम्ल साधारण ५ टक्के असतं. एका थेंबात ते अडीच मिलिग्रॅम भरतं, आणि त्याचा प्रत्येक रेणू तीन हायड्रोजन आयन देऊ शकतो. म्हणजे थेंबामागे तीस-चाळीस मायक्रोमोल. एक लिटर पाण्यातल्या आम्लाच्या साधारण दुप्पट, एका थेंबात! आरओच्या ताज्या पाण्यात वायू जास्त असेल तर थेंब वाढवा. चमचाभर रसापर्यंत गोष्ट जाणार नाही. रोज सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरून वर लिंबू पिळणाऱ्या शहराने या पाण्याला घाबरावं, याचं मला खरोखर नवल वाटतं.

आणि रक्त म्हणजे काही नुसतं पाणी नव्हे. त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो, कारण त्यात लिटरला सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आहे. प्रमाण वीसास एक. वीसचा लॉगॅरिदम १.३; त्यात या जोडीचा पीके (आम्लाची ताकद सांगणारा ठरावीक आकडा) ६.१ मिळवला की बरोबर ७.४ येतात. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये बफरचं (पीएच सहज बदलू न देणाऱ्या अशा जोडीचं) समीकरण मांडलं, हॅसेलबाल्क यांनी १९१६ मध्ये त्याला लॉगॅरिदमचं रूप दिलं, आणि ते काम याच कार्बोनिक आम्लाच्या जोडीवरचं होतं. बायकार्बोनेटचा ताळमेळ मूत्रपिंडं राखतात, वायू फुप्फुसांतून बाहेर पडतो. माणूस दिवसाला साधारण १५ मोल कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून टाकतो. वरच्या लिटरभर पाण्यात आहे त्याच्या जवळपास दहा लाख पट.

हाडांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. मूत्रपिंडं निकामी होऊन रक्तात दीर्घकाळ आम्ल साचलं तर हाडांतले क्षार खरोखर खर्ची पडतात. पण तो आजार आहे, आणि तो पाण्याच्या ग्लासातून येत नाही.

‘अल्कलाईन पाण्याने अ‍ॅसिडिटी जाते.’

नुसता पीएच ९ असेल तर एका लिटरात आम्ल मारणारे हायड्रॉक्साइड आयन १० मायक्रोमोल. पीएच २ च्या जठररसातलं आम्ल त्याने किती मारलं जाईल? एक मिलिलिटर. मशीनच्या कार्ट्रिजमधून खनिजं मिसळली असतील तर थोडं अधिक. गंमत म्हणजे बोरिंगच्या जड पाण्याचा पीएच ७.५ असला, तरी त्यातल्या बायकार्बोनेटमुळे आम्ल जिरवण्याची त्याची ताकद या ‘९’ वाल्याच्या कित्येक पट असते.

‘कॅन्सर आणि नोबेल.’

वॉरबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. अल्कलाईन पाण्याचा त्यात काहीही संबंध नाही.

राहिला व्हिडिओ. आरओच्या पाण्यात बफर जवळपास नसतो, म्हणून जरा काही मिसळलं की दर्शकाचा रंग पालटतो. विक्रेता घरी आला तर त्याच्या निळ्या ग्लासात नळी घालून मिनिटभर फुंकायला सांगा. उच्छ्वासातल्या वायूने निळा रंग पिवळ्याकडे सरकायला लागेल. किंवा आरओच्या ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. तोही रंग बदलेल, आणि त्याच्या महागड्या पाण्याहून कितीतरी जास्त आम्ल मारेल. (हे दाखवण्यापुरतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी रोज सोडा पिऊ नये.)

आरओबद्दल विचारायचंच तर दुसरे प्रश्न विचारावेत. कॅल्शियम-मॅग्नेशियम ते खरंच काढून टाकतं, आणि मशीनमधून बरंच पाणी मोरीत जातं. तेव्हा आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजून घ्या. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे. तुमच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी त्याच्या आत असेल, तर क्षार काढायला आरओ लागत नाही, जंतूंसाठी साधा यूव्ही फिल्टर किंवा उकळणं पुरतं. त्याच मानकात पीएच ६.५ ते ८.५ सांगितला आहे. कमी पीएचचं, क्षार नसलेलं पाणी धातूला खातं, नळांची झीज होते. त्यामुळे आरओचं पाणी रात्रभर तांब्याच्या कळशीत भरून ठेवत असाल, तर त्यात तांबं नेहमीपेक्षा जास्त उतरू शकतं. त्यासाठी स्टीलचा हंडा बरा.